‘मॅट्रिक्स’चा तुरुंग आणि त्याचे प्रेक्षक

२०२१च्या ‘द मॅट्रिक्स रिझरेक्शन्स’मध्ये एक प्रसंग आहे. गेम बनवणाऱ्या एका कंपनीत तरुण मंडळी टेबलाभोवती जमली आहेत आणि ‘मॅट्रिक्स’ म्हणजे नेमकं काय, यावर हिरीरीने बोलताहेत. एकाच्या मते मारामारी आणि बंदुका, दुसऱ्याच्या मते काळ थांबवून दाखवण्याची ती करामत. कोणी भांडवलशाहीतल्या शोषणाचं नाव घेतं, कोणी लिंगओळखीच्या राजकारणाचं, कोणी छुप्या फॅसिझमचं. ज्याने ते सगळं घडवलं तो माणूस मात्र जवळजवळ गप्प बसून ऐकत असतो. दिग्दर्शिका लाना वाचोव्स्की यांनी बावीस वर्षांची प्रेक्षकांची मतं अशी एका प्रसंगात गोळा करून पडद्यावर मांडली. आपल्याच प्रेक्षकांचा असा हिशेब मांडणारा दुसरा मारधाडपट मला आठवत नाही.

या लेखात तोच हिशेब जरा सविस्तर करायचा आहे. ‘द मॅट्रिक्स’ ३१ मार्च १९९९ला अमेरिकेत प्रदर्शित झाला. आज पंचवीसहून अधिक वर्षं लोक त्याच्याविषयी भांडताहेत, आणि भांडण चित्रपट चांगला की वाईट एवढंच नाही. कथेतला तुरुंग कशाचा, यावर ते आहे. माणसं यंत्रांनी रचलेल्या ‘मॅट्रिक्स’ नावाच्या एका खोट्या जगात कैद आहेत हे चित्रपटाने सांगितलं. त्या कैदेला नाव देण्याचं काम प्रेक्षकावर सोडलं. ज्याला जे टोचत होतं त्याने ते नाव दिलं. या मोकळ्या जागेमुळेच हा चित्रपट मोठा झाला आणि तिच्यामुळेच त्याचा गैरवापरही झाला, असं माझं मत आहे. ज्या दोन भागांनी त्या गैरवापरावर आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं, ते प्रेक्षकांनी सर्वांत कमी प्रेमाने पाहिले. त्याकडे पुढे येतोच.

आधी पहिल्या महिन्यांतलं चित्र. सुमारे सहा कोटी तीस लाख डॉलर खर्चून, बराचसा सिडनीत चित्रित झालेला हा चित्रपट. लेखन-दिग्दर्शन वाचोव्स्की भावंडांचं. त्याआधी त्यांच्या नावावर ‘बाउंड’ नावाचा एकच छोटा गुन्हेपट होता. नायकाची भूमिका विल स्मिथने नाकारली आणि तो ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’ करायला गेला. किआनू रीव्हज आला तो मानेच्या शस्त्रक्रियेतून उठून. त्या उन्हाळ्यात सगळ्यांचं लक्ष ‘स्टार वॉर्स’च्या नव्या भागाकडे होतं. तरीही ‘मॅट्रिक्स’ने जगभरात सुमारे ४६ कोटी डॉलरचा गल्ला केला. पुढच्या वर्षी ऑस्करची चार नामांकनं मिळाली आणि चारही पुरस्कार मिळाले: संकलन, ध्वनी, ध्वनिपरिणामांचं संकलन आणि दृश्यपरिणाम. दृश्यपरिणामांत हरलेल्यांमध्ये तो ‘स्टार वॉर्स’ही होता.

पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून गुण घेणारी ‘सिनेमास्कोर’ ही अमेरिकेतली जुनी पाहणी आहे. तिथे ‘मॅट्रिक्स’ला ‘ए वजा’ मिळाले. समीक्षक इतके एकमुखी नव्हते. रॉजर ईबर्ट यांनी तीन तारे दिले, पण त्यांची तक्रार नेमकी होती: सुरुवातीला वास्तवाच्या स्वरूपाविषयी एवढे चित्तवेधक प्रश्न समोर ठेवायचे आणि शेवटी प्रेक्षकाची बोळवण गोळीबार आणि हाणामारीवर करायची, हे बरं नव्हे. ही तक्रार मी बाजूला ठेवणार नाही, कारण प्रेक्षकांमधली पहिली फूट अगदी याच रेषेवर पडली.

ती फूट मी स्वतः पाहिली आहे. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात, भाड्याने आणलेल्या व्हीसीडीवर आम्ही हा चित्रपट पाहिला. व्हीसीडीवर चित्रपट दोन तबकड्यांत तोडलेला असायचा. पहिली संपली तेव्हा नायक निओ त्या खोट्या जगातून नुकता जागा झाला होता, आणि दुसरी लावायची राहिली इतका वाद खोलीत पेटला. निम्म्यांना पुढची मारामारी हवी होती, निम्म्यांना आधी हे ठरवायचं होतं की ही खोली तरी खरी आहे कशावरून. ते दिवस संगणकाची नोकरी आणि परदेश हे दोन शब्द एका श्वासात उच्चारण्याचे होते. वाय-टू-केच्या कामासाठी आमचे सीनियर अमेरिकेला निघाले होते. पडद्यावरचा टॉमस अँडरसनही, म्हणजे जागा होण्याआधीचा निओ, एका सॉफ्टवेअर कंपनीत प्लायवुडच्या खोपटात बसणारा, उशीर झाला म्हणून साहेबाची बोलणी खाणारा प्रोग्रामरच होता. आमच्यापैकी पुष्कळांना त्याचं जागं होणं फार जवळचं वाटलं ते वेदान्तामुळे नव्हे, त्या खोपटामुळे.

मारामारीच्या बाजूने असलेल्यांना उथळ ठरवायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. त्यांनी जे पाहिलं ते खरोखर नवं होतं. हाँगकाँगचे युएन वू-पिंग यांनी अमेरिकी नटांना सुमारे चार महिने तालीम दिली आणि तारांना बांधून हवेत लढायला शिकवलं. नट स्वतः लढत असल्यामुळे कॅमेऱ्याला काही लपवावं लागलं नाही. फटका कुठून आला आणि कुठे बसला हे स्पष्ट दिसतं. पुढच्या दशकातल्या हलत्या कॅमेऱ्याच्या, तुकड्यातुकड्यांच्या मारामाऱ्या पाहिल्या की या स्पष्टतेची किंमत कळते. गच्चीवर निओ मागे झुकतो आणि गोळ्या त्याच्यावरून संथ लाटा उठवत जातात, त्या प्रसंगासाठी हिरव्या पडद्याच्या मधोमध नटाला उभं करून भोवती सुमारे १२० स्थिरचित्रांचे कॅमेरे मांडले होते. ते ठरलेल्या क्रमाने, अगदी क्षणभराच्या अंतराने चालले. मग त्या चित्रांमधल्या फटी संगणकाने भरल्या. परिणाम असा की काळ जवळजवळ थांबतो आणि पाहणारा मात्र फिरत राहतो. ही नुसती करामत नव्हती. जग आकड्यांचं बनलेलं आहे आणि ज्याला हे कळलं त्याला त्याचे नियम वाकवता येतात, ही कथेतली कल्पना इथे एकाही वाक्याशिवाय दिसते. म्हणून ईबर्ट यांच्या तक्रारीला माझा अर्धाच होकार आहे: शेवटच्या मारामारीत विचार संपत नाही, तो देहातून बोलायला लागतो. या करामतीच्या नकला इतक्या झाल्या की २००१च्या ‘श्रेक’मध्ये तिची थट्टाही झाली. आपल्याकडे २०१०च्या ‘एंधिरन’साठी, म्हणजे हिंदीतल्या ‘रोबोट’साठी, खुद्द युएन वू-पिंग यांनाच बोलावलं गेलं.

विज्ञानाच्या अभ्यासकांचा आक्षेप जुना, योग्य आणि थोडक्यात सांगण्याजोगा आहे. यंत्रं माणसांचा विजेरीसारखा उपयोग करतात, असं निओला जागं करणारा बंडखोरांचा नेता मॉर्फियस सांगतो. पण विश्रांत माणसाचं शरीर साधारण शंभर वॉटच्या दिव्याएवढी उष्णता देतं आणि ती देण्यासाठी त्याहून कमी नसलेली ऊर्जा अन्नातून घेतं. हा व्यवहार यंत्रांच्या तोट्याचाच. शिवाय यंत्रांच्या हाती अणुसंमीलनाचंही तंत्र असल्याचं सांगितलं जातं. मग माणसं पोसायची कशाला? चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी नील गेमन यांनी ‘गोलायथ’ नावाची कथा लिहिली, तिच्यात माणसांच्या मेंदूंचा उपयोग गणनेसाठी होतो. ते कितीतरी पटतं. चाहत्यांनी मनातल्या मनात ही दुरुस्ती कधीच करून टाकली आहे.

याहून गंभीर आक्षेप नैतिक आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. इमारतीच्या प्रवेशदालनातला तो प्रसिद्ध गोळीबार आठवा. लांब काळे कोट, काळे चष्मे, संगमरवराचे उडणारे टवके. तिथे मरणारे पहारेकरी यंत्रं नाहीत. कुठल्यातरी कोशात पडलेली जिवंत माणसं आहेत. मॅट्रिक्समधला मृत्यू खरा मृत्यू असतो हे चित्रपटानेच आधी सांगितलं आहे. मॉर्फियस त्यासाठी समर्थनही देतो: जो अजून जागा झालेला नाही तो व्यवस्थेचाच भाग, म्हणून तो शत्रू होऊ शकतो. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर तीन आठवड्यांनी, २० एप्रिल १९९९ला, कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. लांब कोटांमुळे अनेकांनी चित्रपटाकडे बोट दाखवलं. मारेकऱ्यांनी तो कट जवळजवळ वर्षभर आधीपासून शिजवला होता, म्हणून तो दोष या चित्रपटावर टाकणं अन्यायाचं आहे. मात्र एवढ्याने मॉर्फियसच्या वाक्याची सुटका होत नाही. आपण जागे, बाकीचे झोपलेले, आणि झोपलेल्यांचा जीव स्वस्त: हे गणित पहिल्या भागात आहे, आणि टाळ्या घेत आहे.

आता तत्त्वज्ञांकडे. ‘मॅट्रिक्स’इतकं तत्त्वज्ञांचं प्रेम दुसऱ्या कुठल्या मारधाडपटाला मिळालं असेल असं वाटत नाही. २००२मध्ये विल्यम अर्विन यांनी संपादित केलेला ‘द मॅट्रिक्स अँड फिलॉसॉफी’ हा अख्खा लेखसंग्रह निघाला. प्लेटोची गुहा, देकार्तचा फसवणारा सैतान, हिलरी पटनम यांचा भांड्यात ठेवलेला मेंदू, रॉबर्ट नोझिक यांचं सुखानुभव देणारं यंत्र, सगळं यात सापडतं. सायफर नावाचं पात्र हॉटेलात मांसाचा तुकडा चघळत म्हणतं की हे खोटं आहे हे मला माहीत आहे, तरी मला तेच हवं. अशा यंत्रात शिराल का, या नोझिक यांनी १९७४मध्ये विचारलेल्या प्रश्नाचं त्यांना नको असलेलं उत्तर ते हेच. स्लावोय झिझेक यांनी या चित्रपटाला शाईच्या डागांच्या मानसशास्त्रीय चाचणीची उपमा दिली: ज्याला जे बघायचं ते त्याला दिसतं. ज्यां बोद्रियार यांचं पुस्तक तर पडद्यावरच दिसतं. निओ पोकळ केलेल्या त्या पुस्तकात आपल्या चोरट्या डिस्क लपवतो. पण खुद्द बोद्रियार खूश नव्हते. २००३च्या एका मुलाखतीत त्यांनी साधारण असं म्हटलं की मॅट्रिक्सविषयी मॅट्रिक्सनेच एखादा चित्रपट काढला असता तर तो असाच झाला असता. त्यांच्या मते आजची अडचण खऱ्या आणि खोट्याच्या भेसळीची आहे. चित्रपट मात्र दोन्ही नीट वेगळे करून देतो. इकडे खोटं जग, तिकडे खरं, मध्ये मॉर्फियसने निओला दिलेली, जागं करणारी एक लाल गोळी.

मराठी प्रेक्षकाने यावर दिलेला कौल ठरलेला आहे: ‘ही तर आपली मायाच!’ घराघरांत हे वाक्य मी ऐकलं आहे, कीर्तनातही दृष्टांत म्हणून या चित्रपटाचं नाव निघालेलं ऐकलं आहे. अभिमानापेक्षा ओळख पटल्याचा आनंद त्यात जास्त असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. रज्जुसर्प आणि मृगजळ या दृष्टांतांवर वाढलेल्या माणसाला चमचा वाकवणारं ते मुंडण केलेलं मूल परकं वाटत नाही. चमचा वाकत नाही, वाकायचं असतं ते आपण, असं ते मूल सुचवतं, आणि त्या एका प्रसंगात चित्रपट खरोखर आपल्या परंपरेच्या अंगणात येतो.

पण तेवढ्यावर हा कौल टिकत नाही. वेदान्तातली माया कुण्या शत्रूने रचलेली नसते. तिला तुरुंगाधिकारी नाही. निओ जागा होतो तो एका देहातून दुसऱ्या देहात, आणि तिथेही भूक आहे, थंडी आहे, बेचव लापशी आहे. देहबुद्धी सुटणं आणि एका देहाची नळी तुटणं, यांत फार अंतर आहे. चित्रपटाचं खरं जग हे परमार्थ नव्हे, तो फक्त दुसरा प्रपंच आहे. आणि आपल्या परंपरेतही जगाला सरळ खोटं म्हणणारा एकच सूर नाही. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’त अज्ञानखंडनाचं एक मोठं प्रकरण आहे. जग हे अज्ञानाने घातलेलं आवरण नाही, चैतन्याचाच विलास आहे, ही त्यांची भूमिका ‘चिद्विलास’ या नावाने ओळखली जाते. त्यामुळे डेव्हिड चामर्स या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञांचं म्हणणं वाचताना मला घरचं काहीतरी आठवलं. चामर्स यांनी २००३च्या सुमारास चित्रपटाच्याच संकेतस्थळासाठी लिहिलेल्या लेखात असा युक्तिवाद केला की आपण मॅट्रिक्समध्ये असलो तरी समोरचं टेबल खोटं ठरत नाही. टेबल मुळात कशाचं बनलंय, एवढंच आपल्याला नव्याने कळतं. चामर्स आणि ज्ञानेश्वर यांच्या वाटा एक नाहीत, पायाही एक नाही. पण जगलेल्या जगाला लबाडी म्हणायला दोघेही तयार नाहीत. आणि गंमत अशी की चित्रपटमालिकाही पुढे याच बाजूला झुकते.

दिग्दर्शकांनी या सगळ्यावर काही बोलावं ना? त्यांनी बोलायचं नाही असं ठरवलं होतं; मुलाखती देणार नाही, ही अट त्यांच्या करारात होती. त्यामुळे अर्थ सांगायला प्रेक्षकांशिवाय कोणी उरलंच नाही. आणि २०१२च्या सुमारास इंटरनेटवरच्या स्त्रीद्वेष्ट्या पुरुषांच्या गटांनी ‘लाल गोळी’ हे नावच उचललं. त्यांच्या लेखी तुरुंग म्हणजे स्त्रीमुक्ती, आणि तिच्याविरुद्ध उठणं म्हणजे जागं होणं. तिथून तो शब्द अमेरिकेतल्या उजव्या राजकारणात पसरला. मे २०२०मध्ये इलॉन मस्क यांनी लोकांना लाल गोळी घ्यायला सांगितलं, इव्हांका ट्रम्प यांनी घेतल्याचं कळवलं, आणि चित्रपटाच्या दोन कर्त्यांपैकी एक असलेल्या लिली वाचोव्स्की यांनी दोघांना जाहीरपणे शिवी हासडली. तो संताप मला पूर्ण कळतो.

कारण तोपर्यंत दोन्ही दिग्दर्शक भाऊ राहिले नव्हते. लाना २०१२मध्ये आणि लिली २०१६मध्ये पारलिंगी स्त्रिया म्हणून जगासमोर आल्या. ऑगस्ट २०२०मध्ये लिली यांनी सांगितलं की रूपांतराची, कोंडलेल्या ओळखीची ही गोष्ट मुळापासून या चित्रपटात होती; फक्त तेव्हाचं जग ती उघड ऐकायला तयार नव्हतं. स्विच नावाचं पात्र खऱ्या जगात पुरुष आणि मॅट्रिक्समध्ये स्त्री असावं, असा मूळ विचार होता. हे कळल्यावर चित्रपट पुन्हा पाहा. मॅट्रिक्सचा रखवालदार प्रोग्राम एजंट स्मिथ प्रत्येक वेळी नायकाला ‘मिस्टर अँडरसन’ म्हणतो, चावून चावून म्हणतो. आणि भुयारी रेल्वेच्या रुळांवर, समोरून गाडी येत असताना, नायक आपलं नाव निओ असल्याचं सांगून उडी घेतो. १९९९मध्ये आम्हाला तो टाळीचा संवाद वाटला होता. स्वतःचं नाव स्वतः घेण्यासाठी माणसाला किती किंमत मोजावी लागते, ते त्यात होतं. पारलिंगी प्रेक्षकांनी हे कुणी सांगण्याआधीच ओळखलं होतं, आणि या आढाव्यातल्या सगळ्या मतांत सर्वांत तीक्ष्ण नजर मला त्यांचीच वाटते.

म्हणजे तोच प्रसंग, तीच गोळी. एकाला तिच्यात स्वतःचं नाव सापडतं, दुसऱ्याला इतरांचा तिरस्कार करण्याचा परवाना. दोघांनाही तो चित्रपट आपलाच वाटतो. प्रेक्षकाला अर्थ लावण्याचा हक्क आहे, म्हणून सगळे अर्थ सारखेच, असं म्हणून इथे हात झटकता येणार नाहीत. कुठला अर्थ चित्रपटाला धरून आहे हे ठरवायला तीन भागांची पूर्ण गोष्ट समोर आहे. अडचण एवढीच की दुसरा आणि तिसरा भाग लोकांना आवडले नाहीत.

‘रीलोडेड’ मे २००३मध्ये आला, ‘रेव्होल्युशन्स’ त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला, जगातल्या अनेक शहरांत एकाच घटकेला. ‘रीलोडेड’ने जगभरात सुमारे ७४ कोटी डॉलर कमावले, ‘रेव्होल्युशन्स’ने सुमारे ४२ कोटी, अमेरिकेतला गल्ला तर निम्म्यावर आला. सिनेमास्कोरचे गुण ‘बी अधिक’ आणि मग ‘बी’. त्या उतरंडीत प्रेक्षकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ‘रीलोडेड’मधलं बंडखोरांच्या भूमिगत नगरातलं नृत्य लांबत जातं. शंभर स्मिथांशी होणारी मारामारी मध्येच संगणकाच्या बाहुल्यांची वाटायला लागते, आणि नट स्वतः लढताना दिसण्याचा पहिल्या भागातला आनंद हरवतो. आर्किटेक्ट नावाचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा इतकं अवघड इंग्रजी बोलतो की त्या वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कारांत विल फेरेलने त्याची नक्कल करून सभागृह हसवलं. ‘रेव्होल्युशन्स’चा मोठा भाग निओ आणि त्याची प्रेयसी ट्रिनिटी यांना सोडून गोदीतल्या लढाईत जातो. महामार्गावरचा पाठलाग मात्र अप्रतिम आहे. त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या अॅलमेडाच्या जुन्या नौदल तळावर सुमारे दीड मैलाचा रस्ताच बांधला होता.

पण त्या म्हाताऱ्याचं बोलणं एकदा कागदावर उतरवून शांतपणे वाचावं. तो निओला सांगतो की तू सहावा आहेस. तुझ्याआधी पाच तारणहार झाले, पाच वेळा बंडखोरांचं नगर उभं राहिलं आणि पाडलं गेलं. जवळजवळ नव्व्याण्णव टक्के माणसं नकळत का होईना, निवड दिली की हे जग स्वीकारतात; उरलेल्यांच्या असंतोषासाठी बंडाची सोय करून ठेवली आहे. म्हणजे जागं झाल्याचा अभिमान हाही त्याच व्यवस्थेचा एक कप्पा. पहिल्या भागाने प्रेक्षकाला दिलेली सर्वांत गोड गोष्ट, ‘मी वेगळा, मी जागा’ ही भावना, दुसरा भाग काढून घेतो. लोक रागावले ते फक्त भाषेच्या क्लिष्टतेवर रागावले असतील असं मला वाटत नाही.

स्मिथची गोष्ट तर याहून थेट आहे. निओने आपल्याला मोकळं केलं, असं तो स्वतः म्हणतो. व्यवस्थेची नळी त्याचीही तुटली आहे. आणि मोकळा झाल्यावर तो काय करतो? दिसेल त्याला स्वतःसारखा करत सुटतो, शेवटी सगळं शहर एकाच चेहऱ्याचं होईपर्यंत. लाल गोळी घेतल्याची बढाई मारणाऱ्यांसाठी याहून स्पष्ट आरसा कुठला हवा? दुसरीकडे, भूमिगत नगरातले वृद्ध सभासद हामन रात्री निओला खाली यंत्रांच्या मजल्यावर नेतात आणि सांगतात की आपलं पाणी, आपली हवा याही यंत्रांवरच चालते. गोष्ट तिथून वळते. शेवट शत्रूच्या नाशाने होत नाही. आंधळा झालेला निओ यंत्रांच्या नगरीत जाऊन तह मागतो, स्मिथला मारायचं थांबवतो, स्वतःला त्याच्या हवाली करतो, आणि युद्ध थांबतं. ज्यांना बाहेर पडायचं असेल त्यांना पडता येईल, एवढं ठरतं. बाकीच्यांना कोणी झोपाळू म्हणून मारत नाही. प्रवेशदालनातल्या त्या पहारेकऱ्यांचं ऋण मालिका इथे फेडते.

आणि याच तिसऱ्या भागात, स्टेशनच्या फलाटावर, निओला एक भारतीय कुटुंब भेटतं: रामचंद्र, कमला आणि त्यांची लहान मुलगी सती. तिघंही माणसं नाहीत, प्रोग्राम आहेत. सतीला कसलंच नेमून दिलेलं काम नाही, म्हणून नियमाप्रमाणे तिला पुसून टाकायला हवं. आईबापांनी तिला केवळ मायेपोटी जन्म दिला आहे आणि वाचवण्यासाठी पळवून आणलं आहे. माया हा मराठी शब्द इथे किती नेमका बसतो पाहा: भ्रम आणि वात्सल्य या दोन्हींसाठी आपल्याकडे तोच एक शब्द आहे. यंत्राच्या मुखातून प्रेमाचं नाव ऐकून निओ चकित होतो. ज्याला आपण तुरुंगाची भिंत समजत होतो तिच्यातही लेकरासाठी जीव टाकणारं कोणी आहे, हे कळल्यावर शत्रूची व्याख्या पहिली राहत नाही. मला तिन्ही भागांतला हा सर्वांत मोलाचा प्रसंग वाटतो.

२००४मध्ये तिन्ही भागांचा एकत्र संच निघाला, तेव्हा दिग्दर्शकांनी एक दुर्मीळ गोष्ट केली. चित्रपटासोबत ऐकायला दोन वेगळी भाष्यं दिली: एक तत्त्वज्ञ कॉर्नेल वेस्ट आणि केन विल्बर यांचं, ज्यांना मालिका आवडली, दुसरं टॉड मॅकार्थी, जॉन पॉवर्स आणि डेव्हिड थॉमसन या समीक्षकांचं, ज्यांना पुढचे भाग आवडले नव्हते. आपलं मत सांगितलं नाही, विरोधकांना मात्र आपल्याच तबकडीवर जागा दिली. मतांच्या सध्याच्या गदारोळात ही वृत्ती मला फार मोठी वाटते.

‘रिझरेक्शन्स’विषयी थोडक्यात. डिसेंबर २०२१मध्ये साथीच्या सावटात, अमेरिकेत घरच्या पडद्यावरही त्याच दिवशी उपलब्ध होऊन तो आला. गल्ला सोळा कोटी डॉलरच्या आसपासच राहिला, गुण ‘बी वजा’. सती त्यात मोठी झाली आहे आणि ती भूमिका प्रियांका चोप्राने केली आहे. मारामारी पूर्वीच्या तोडीची नाही, युएन वू-पिंग यांची उणीव प्रत्येक झुंजीत जाणवते. निओ-ट्रिनिटी यांच्या मध्यमवयीन प्रेमाची गोष्ट मात्र मनापासून सांगितली आहे. पाचव्या भागाची घोषणा एप्रिल २०२४मध्ये झाली असून तो ड्रू गॉडार्ड लिहिणार आणि दिग्दर्शित करणार आहेत. त्यावर आत्ताच मत देण्यात अर्थ नाही.

पहिला भाग पुष्कळांनी पुष्कळदा पाहिला आहे. माझी विनंती दुसऱ्या आणि तिसऱ्या भागासाठी आहे. दोन्ही सलग पाहा, कंटाळवाण्या जागा सोसा, हामन, स्मिथ आणि सती यांच्यावर लक्ष ठेवा. आणि ‘रेव्होल्युशन्स’ संपून श्रेयनामं सुरू झाली की उठू नका. तिथे संस्कृतात गायलेले उपनिषदांतले मंत्र ऐकू येतात, आणि बृहदारण्यकातली जी प्रार्थना आपल्यापैकी अनेकांना लहानपणापासून पाठ आहे, ती त्यांच्यात आहे.